पाय टेकू नका! मालवणच्या पाण्यात एक दिवस

(एपिसोडचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच जवळपास ठेवलंय.)

कर्जत लोकलमध्ये असाल आणि बदलापूरनंतर बसायला जागा मिळाली असेल, तर हेडफोन नीट लावा. उभेच असाल, तरी चालेल. आजचा प्रवास तसाही पाण्यातून आहे.

आयलंड म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? मालदीव, बाली, फार तर अंदमान. रीलमध्ये निळंशार पाणी, पाण्यात रंगीत मासे आणि तोंडात नळी धरून तरंगणारी माणसं. आणि खाली कमेंट असते, "भाई, बजेट किती?" तर आज मी सांगणार आहे अशा बेटाबद्दल, जिथे शेलूच्या माणसाला पासपोर्ट लागत नाही, विमान लागत नाही. रात्री लोकल पकडायची, ठाण्याला उतरायचं, कोकणकन्या धरायची आणि सकाळी कुडाळ. तिथून साधारण तीस किलोमीटरवर मालवण. रिझर्वेशन मात्र आधी करा, कारण कोकणात जाणारी गाडी कधी रिकामी असते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बेटाचं नाव कुरटे. ओळखीचं वाटत नाही ना? पण त्या बेटावर जे उभं आहे ते तुम्ही शाळेपासून ओळखता. सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामाचा मुहूर्त केला. आपण किल्ला बघतो, तट बघतो, फोटो काढतो आणि परत होडीत बसतो. पण त्याच तटाच्या आडोशाला, पाच-सात मीटर पाण्याखाली, महाराष्ट्रातल्या मोजक्या प्रवाळ वस्त्यांपैकी एक आहे. प्रवाळ म्हणजे कोरल. १९८७ मध्ये हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्रफळ साधारण २९ चौरस किलोमीटर. म्हणजे तुम्ही ताडोबाला जाता तसंच हेही अभयारण्यच आहे. फक्त इथे जिप्सी नाही, होडी आहे.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझा भाऊ आणि दोन चुलत बहिणी. चौघांपैकी नीट पोहता येतं ते दोघांनाच, तेही उल्हास नदीत शिकलेलं. तरी चौघंही पाण्यात उतरलो.

कधी जायचं? कॅलेंडर काढा

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, त्यामुळे जून ते ऑगस्ट विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. पण महिन्याइतकीच तिथी महत्त्वाची. हो, तिथी! घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आहे ना, आजी एकादशी बघते ते, तेच कामाला येतं.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, तळाची रेती ढवळली जाते आणि खाली सगळं चहासारखं दिसतं. अष्टमीच्या सुमाराला उलट. पाण्याची चढउतार कमी, त्याला मच्छीमार भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाणी शांत आणि स्वच्छ मिळण्याची शक्यता जास्त.

आता भरतीची वेळ. किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याचा पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी, आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. हे अंदाजाचं गणित आहे, पाच-दहा मिनिटांच्या हिशोबाने चालू नका, जागेप्रमाणे फरक पडतो. पण बघा, अष्टमी ते एकादशी गेलात तर भांगही मिळतो आणि भरतीही सकाळीच येते. भरतीच्या वेळी बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, शिवाय प्रवाळाच्या वर पाण्याची उंचीही जास्त असते, त्यामुळे आपले पाय त्यांच्यापासून लांब राहतात. वेदर ॲप बघाच, पण हे गणित लक्षात असेल तर होडीवाल्या काकांशी बोलताना ते तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, हे मी खात्रीने सांगते.

सकाळ गाद्यांची

सकाळी सातला आम्ही देवबागच्या बाजूने होडीत बसलो. डॉल्फिन बघायला. तिथले मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. टीव्हीवरचे डॉल्फिन डोक्यात घेऊन जाऊ नका, रिंगमधून उडी मारणारे वगैरे. इथे किनाऱ्याजवळ जो दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. राखाडी रंगाचा, पाठीवरच्या पराखाली एक उंचवटा असतो, म्हणून हम्पबॅक. तो लाजरा. पाठ वर येते, 'फुस्स' करून श्वासाचा आवाज होतो आणि गायब. मग सगळे उजवीकडे बघत असतात आणि तो डावीकडे निघतो.

हा 'फुस्स' आवाज ऐकायचा असेल तर एकच अट आहे. इंजिन बंद पाहिजे. आमच्या होडीवाल्या काकांनी शंभरेक मीटर आधीच इंजिन बंद केलं आणि आम्ही नुसते डोलत बसलो. दहा मिनिटं काहीच नाही. चुलत बहीण म्हणाली, "काका, जरा पुढे घ्या ना." काका म्हणाले, "आपण गेलो तर ते जातले. गप ऱ्हवा, ते येतले." आणि आले. तिघं, त्यात एक पिल्लू, आईच्या अगदी अंगाला चिकटून.

त्याच वेळी थोड्या अंतरावर दोन होड्या दुसऱ्या एका घोळक्याच्या मागे लागलेल्या. गादे खाली गेले की होडी पळवायची, वर आले की परत पळवायची. त्या होड्यांतल्या लोकांना किती दिसलं असेल? पाठी. लांब जाणाऱ्या पाठी. हा डॉल्फिन जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला वर यायचं असतं ते आपल्याला टाटा करायला नव्हे, श्वास घ्यायला. आपण त्याच्या श्वासाच्या मागे होडी पळवतो, एवढं डोक्यात ठेवलं तरी "काका, पुढे घ्या" हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

परतताना वर बघायला विसरू नका. पांढरं पोट, राखाडी पंख, पंख पसरले की भलामोठा, तो समुद्री गरुड. विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार. आणि हिवाळ्यात पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे बसलेले असतात, ते कुरव. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि मध्य आशियातल्या उंच तळ्यांवर अंडी घालतात आणि थंडीत इकडे येतात. आपण कुडाळपर्यंत आलो तर किती कौतुक करून घेतो स्वतःचं!

आता पाण्यात

साडेनऊच्या सुमाराला किल्ल्याजवळ. इथे होडीवाले वेगळे, गाईड वेगळा. पन्नाशीचे काका, आयुष्य मासेमारीत गेलेलं. लाइफ जॅकेट घालायला लावलं, पट्टे स्वतः ओढून बघितले. इथे एक गंभीर गोष्ट. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे जॅकेट होडीत चढतानाच अंगावर, पाण्यात उतरताना नाही. जॅकेट नाही तर होडी नाही. पट्टा तुटलेला असेल तर बदलून मागा. लाजायचं नाही.

मग काका आम्हा चौघांकडे बघून एकच वाक्य बोलले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पाय टेकू नको गो बाय. तो दगड नाय, जितो असा."

तो दगड नाही, जिवंत आहे. आजच्या एपिसोडमधून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा.

स्नॉर्कलिंगची पद्धत सोपी आहे. मास्कमध्ये नाक बंद असतं, श्वास तोंडातून. पहिली दोन मिनिटं मेंदू ओरडतो की अरे, पाण्यात तोंड आहे, श्वास घेऊ नकोस! त्याला ओरडू द्या. होडीची शिडी धरून, चेहरा पाण्यात घालून, आधी दहा श्वास मोजा. लांब आणि सावकाश. मास्कवर धुकं येऊ नये म्हणून आतून थोडी थुंकी लावून धुवायची. हो, थुंकी. ईऽऽ करू नका, जगभर हेच करतात. नळीत पाणी गेलं तर जोरात फुंकर मारायची, निघून जातं. पोहता येत नसेल तर गोल ट्यूब धरायची, गाईड ओढत नेतो.

पण खरी गंमत कळते ती हातपाय थांबवल्यावर. आपण नदीत, विहिरीत पोहणारी माणसं. आपल्याला सवय असते हातपाय मारायची, आणि दमलं की पाय खाली टाकून तळ शोधायची. उल्हास नदीत खाली गोटे असतात, टेकले पाय, बिघडलं काय? इथे नेमकं तेच करायचं नाही. जॅकेट तुम्हाला धरून ठेवतं. आडवे राहा, पोट खाली, पाय वर, हात जवळ. नुसतं तरंगायचं.

आणि मग दिसायला लागतं. आधी हिरवट धूसर. ही मालदीवची रील नाही मंडळी, इथे काही मीटरच दिसतं, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. मग डोळे सरावतात. पिवळसर पाठीचे, अंगावर पाच काळे पट्टे असलेले मासे, ते सार्जंट मेजर. सगळ्यात आधी हेच येतात, स्वागत समिती. मग जोडीने फिरणारे चपटे फुलपाखरू मासे. खडकाच्या फटीत एक जाड ओठांचा गोबरा, आपल्याला बघून अजिबात न हललेला. फटीफटीत काळ्या काट्यांचे गोळे, सी अर्चिन. आणि मध्ये मध्ये, ज्याला आपण नक्की दगड समजलो असतो, असे पिवळट-तपकिरी गोल उंचवटे, जवळून बघितलं तर त्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. काहींची रचना कोबीच्या पानांसारखी, एकात एक गुंडाळलेली.

ते प्रवाळ.

दगड नाय म्हणजे काय?

हे जरा सावकाश सांगते, कारण सगळं इथेच आहे. त्या नक्षीतल्या प्रत्येक छोट्या खळगीत एक प्राणी राहतो. पॉलिप. मऊ, तोंडाभोवती बारीक बोटं असलेला. तो स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. अशा हजारो पॉलिपांची एक वस्ती, म्हणजे तो 'दगड'. त्या प्राण्याच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि भाडं म्हणून पॉलिपला देतं. प्रवाळाचा रंगसुद्धा बराचसा त्या भाडेकरूचाच.

आता पाणी नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं, तर हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं. २०१५-१६ मध्ये जगभरचे समुद्र तापले, तेव्हा मालवणच्या अभयारण्यातही प्रवाळ पांढरं पडल्याची शास्त्रज्ञांनी नोंद केली.

आणि हे वाढतं किती? गोल उंचवट्यासारखी जी प्रवाळं असतात ती वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे तुम्ही पाय टेकवला तो फूटभर रुंदीचा 'दगड' मधून कडेपर्यंत पंधरा सेंटीमीटर, वय अंदाजे पंधरा वर्षं. दहावीच्या मुलाएवढं. त्यावर पाऊल पडलं की वरची मऊ कातडी चिरडते, तिथे नंतर दुसरंच शेवाळ बसतं.

तापमानाचं आपण चौघं शेलूतून काय करणार, हा प्रश्न बरोबर आहे. पण आधीच तापाने आजारी असलेल्या माणसाच्या छातीवर उभं राहायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

कायदाही आहे. २००१ पासून कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. त्यामुळे तळातला सुंदर तुटका तुकडा "आठवण म्हणून" खिशात घालणं हा गुन्हा आहे. शोकेसमध्ये ठेवायला शंखशिंपल्यांच्या दुकानातून विकत घेतला, तरीही.

ब्रेडवाला व्हिडिओ

आता तो फेमस व्हिडिओ. पाण्याखाली माणूस, हातात ब्रेड, भोवती शंभर मासे. मालवण सर्च केलं की हाच येतो. आमच्या शेजारच्या ग्रुपने आपल्या गाईडकडे हट्टच धरला, "ब्रेड नाही? मग आम्ही व्हिडिओ काय काढणार?"

यात बिघडतं काय? ब्रेडला धावून येतात ते मुख्यतः सार्जंट मेजरसारखे धीट मासे. त्यांची गर्दी वाढते, बुजरे मासे बाजूला होतात. जे मासे खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांना आयतं मिळालं की ते काम थांबतं, आणि शेवाळ प्रवाळावर चढतं. म्हणजे ब्रेड माशांच्या पोटात, आणि बिल प्रवाळाच्या नावावर.

हवाईमध्ये हनौमा बे नावाची जागा आहे, तिथे पूर्वी लोक माशांना खायला घालायचेच. ते बंद केलं. आता तिथे पाण्यात जायच्या आधी प्रत्येकाला एक माहितीचा व्हिडिओ बघावा लागतो, आणि आठवड्यातले दोन दिवस पर्यटकांना बंद. मासे गेले का तिथून? नाही गेले. हवाईतच १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आली, प्रवाळाला घातक म्हणून. आपल्यासाठी सोपा उपाय, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून उतरा. ऊनही लागत नाही, पाण्यातही काही जात नाही.

पण मग गाईडचं काय?

तुम्ही म्हणाल, गाईडनेच नाही म्हणावं की. मी काकांना हेच विचारलं. ते हसले. म्हणाले, मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक बाजूच्या होडीत जातं, आणि वर एक स्टार देतं.

इथे थांबून विचार करा. मालवणचा हा समुद्र कुणाच्या तरी रोजीरोटीचा आहे. गाबीत समाज पिढ्यान्‌पिढ्या इथे मासेमारी करतो. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, ती रापण इथलीच. १९८७ ला अभयारण्य झालं तेव्हा आपल्या मासेमारीवर बंदी येणार, या भीतीने स्थानिकांनी विरोध केला. आणि ती भीती समजण्यासारखी होती. पुढे मोठ्या यांत्रिक पर्ससीन जाळ्यांशी त्यांचं भांडण सुरू झालं. जाळ्यात मासा कमी यायला लागला की घरातला तरुण मुलगा पर्यटकांच्या होडीवर जातो. म्हणजे ज्या प्रवाळाला वाचवायच्या नावाने भीती वाटली होती, त्याच प्रवाळावर आज कित्येक घरांची चूल अवलंबून आहे. ते मेलं तर आपण पुढच्या वर्षी गोकर्णला जाऊ. काका कुठे जातील?

म्हणून हा प्रश्न गाईडच्या आधी गिऱ्हाईकाचा आहे. तुम्ही होडीत बसतानाच सांगितलंत, "काका, ब्रेड नको, आम्ही पाय टेकणार नाही, जरा सावकाश दाखवा," तर त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. आमचे काका त्यानंतर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ पाण्यात होते. एका फटीत लपलेला मोरे ईल त्यांनीच दाखवला, नाहीतर आम्हाला जन्मात दिसला नसता.

आणि परतल्यावर पाच स्टार द्या, त्यात कारण लिहा. "ब्रेड टाकला नाही, डॉल्फिनच्या मागे होडी पळवली नाही, जॅकेट नीट घातलं." पुढचं गिऱ्हाईक ते वाचतं. तुमच्या फोनमध्ये एवढी ताकद आहे.

आपल्याला हे कळायला पाहिजे

एक गोष्ट मुद्दाम आपल्या पट्ट्यातल्या लोकांसाठी. शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत, खालापूर. आपण दर पावसाळ्यात काय बघतो? शनिवार-रविवार गाड्या येतात, धबधब्यावर गर्दी होते आणि सोमवारी ओढ्यात फुटक्या बाटल्या. शेतावर जाणाऱ्याच्या पायात काच. कोणी वाहून गेलं की शोधायला पाण्यात उतरतात ती आपलीच गावची पोरं. तेव्हा आपण चिडतो ना? म्हणतो, एक दिवसासाठी येतात आणि घाण करून जातात.

मालवणात आपण ते 'एक दिवसाचे' असतो. आपल्याकडे आलेल्या माणसाने जसं वागावं असं वाटतं, तसं तिथे वागायचं. इतकं साधं आहे.

आणि समुद्र फक्त मालवणलाच आहे असंही नाही. आपली उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघते, कर्जतवरून, आपल्या अंगणाजवळून, बदलापूर-कल्याण करत वसईच्या खाडीत समुद्राला मिळते. पुलावरून टाकलेली निर्माल्याची प्लॅस्टिक पिशवी तोच रस्ता धरते.

जायच्या आधी, पटकन

अष्टमी ते एकादशी बघून तारीख ठरवा. सकाळची वेळ घ्या. जॅकेट होडीत चढतानाच. दारू पिऊन पाण्यात नाही, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरीही नाही. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. ब्रेड नको, बिस्किट नको. काही उचलायचं नाही, काही सोडायचं नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. किल्ल्यावर गेलात तर आतल्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी बघा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी! आणि दुपारी मासळीच्या ताटावर बसताना लाजू नका, सोलकढी दोनदा मागा.

शेवटी पाय टेकू नका. घाबरलात तर हात वर करा, गाईड येईल. तो येईपर्यंत नुसतं तरंगा.

या हंगामात कोणी जाणार असाल तर काय दिसलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हा एपिसोड त्या मित्राला पाठवा, ज्याने ग्रुपवर "मालवण प्लॅन" म्हणून मेसेज टाकलाय आणि तीन महिने कोणी उत्तर दिलेलं नाही. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, दारात लटकू नका!